सिद्धांत बरोबर, मोजपट्टी कच्ची : सही न केलेल्याला लवादात ओढण्याबद्दल

करारावर तुमची सही नाही. तरीही त्या करारातून उद्भवलेल्या भांडणासाठी तुम्हाला लवादापुढे उभं करता येईल का? भारतापुरतं या प्रश्नाचं सध्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ डिसेंबर २०२३ रोजी दिलं. प्रकरण होतं कॉक्स अँड किंग्ज विरुद्ध एसएपी इंडिया. उत्तर ‘हो, पण’ या जातीचं आहे, आणि मला जे म्हणायचंय ते सगळं त्या ‘पण’मध्ये आहे.

तुमच्यापैकी बरेच जण विज्ञान शाखेचे आहात. कुणी पेटची तयारी करतंय, कुणाचा सिनॉप्सिस तिसऱ्यांदा गाइडकडून परत आलाय. मी स्वतः एम.एस्सी. रसायनशास्त्राची, आणि आता पीएचडी करतेय ती विद्यापीठं आणि कंपन्या यांच्यात होणाऱ्या करारांवर. त्यामुळे निकालपत्रं वाचणं हा माझा रोजचा उद्योग झालाय. एक गोष्ट सांगते : निकालपत्र हे रिसर्च पेपरसारखं वाचता येतं. आधीच्या कामाचा आढावा असतो, त्यातली फट दाखवलेली असते, मग मांडणी, मग कसोटी, मग निष्कर्ष. आणि पेपर वाचताना जो प्रश्न आपण विचारतो तोच इथेही विचारायचा : लेखक जे मोजतोय असं म्हणतो, तेच तो मोजतोय ना?

आधी थोडी पार्श्वभूमी. लवाद म्हणजे दोन पक्षांनी आपखुशीने ठरवलेला खासगी न्याय. ‘आपलं वाजलं तर कोर्टात जायचं नाही, अमुक पद्धतीने लवाद नेमायचा आणि तो देईल तो निवाडा मानायचा’ अशी अट करारात लिहिलेली असते. फायदे आहेतच. पण किंमतही मोठी आहे. लवादाची फी पक्षकारांनी भरायची. कामकाज बंद दाराआड. आणि निवाडा चुकीचा वाटला म्हणून साधं अपील नाही. १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम ३४मध्ये जी मोजकी कारणं दिली आहेत, तेवढ्यांवरच तो रद्द होऊ शकतो. म्हणजे लवादाला ‘हो’ म्हणणारा माणूस कोर्टाचा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेत असतो. म्हणून तर या सगळ्या शास्त्राचा पाया एका शब्दावर आहे : संमती. ती नसेल तर लवादाला कुणावरही अधिकार नाही.

आता तुमच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. विभागात नवीन एचपीएलसी घ्यायचंय. टेंडर निघतं, ऑर्डर जाते ती परदेशी कंपनीच्या भारतातल्या उपकंपनीला. करारावर सही उपकंपनीची आणि कुलसचिवांची. करारात लवादाची अट. मशीन येतं, पण इन्स्टॉलेशनला अडचण येते तेव्हा व्हिडिओ कॉलवर येतो तो मूळ परदेशी कंपनीचा तज्ज्ञ. सॉफ्टवेअरचं लायसन्स मूळ कंपनीच्या नावावर. तिकडचा एक बडा अधिकारी ईमेल करतो, ‘काळजी करू नका, आमची टीम यात लक्ष घालतेय.’ तरीही मशीन चालत नाही. विद्यापीठाला पैसे परत हवेत आणि उपकंपनी म्हणते, आमच्याकडे काही नाही. मूळ कंपनीला लवादात ओढता येईल का?

हे उदाहरण मी रचलंय, पण कॉक्स अँड किंग्जची गोष्ट याहून फार वेगळी नाही. मुंबईची ही जुनी पर्यटन कंपनी २०१०पासून एसएपी इंडियाचं सॉफ्टवेअर वापरत होती. २०१५मध्ये ऑनलाइन व्यवसायासाठी ‘हायब्रिस’ नावाची प्रणाली घ्यायचं ठरलं, करार झाले, आणि त्यात लवादाची अट होती. सही एसएपी इंडियाची. काम रखडलं तेव्हा जर्मनीतली मूळ कंपनी एसएपी एसई पत्रव्यवहारात उतरली, मदतीची आश्वासनं दिली. प्रकल्प काही उभा राहिला नाही. २०१६मध्ये करार संपुष्टात आला, आणि पुढे कॉक्स अँड किंग्जने लवादासाठी अर्ज केला तो एसएपी इंडियाबरोबर एसएपी एसईलाही पक्ष करून. जर्मन कंपनीची कशावरही सही नव्हती.

अशा वेळी वापरायचं हत्यार म्हणजे ‘ग्रुप ऑफ कंपनीज डॉक्ट्रिन’. मराठीत समूह सिद्धांत म्हणू. एकाच समूहातल्या एका कंपनीने लवादाला होकार दिला असेल, तर काही परिस्थितीत समूहातली दुसरी, बिनसहीची कंपनीही त्याला बांधली जाते, असं तो म्हणतो.

लिटरेचर रिव्ह्यू करताना मूळ पेपरपर्यंत जायचं, दुसऱ्याने दिलेल्या संदर्भावर विसंबायचं नाही, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं जातं. इथे ते करून बघा. समूह सिद्धांताचा मूळ स्रोत म्हणून सगळे बोट दाखवतात ते डाऊ केमिकल विरुद्ध इझोव्हर सेंट गोबेन या प्रकरणाकडे. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या म्हणजे आयसीसीच्या लवादांनी २३ सप्टेंबर १९८२ रोजी त्यात अंतरिम निवाडा दिला. पॅरिसच्या अपील न्यायालयाने १९८३मध्ये तो कायम ठेवला. डाऊ समूहातल्या दोन कंपन्यांनी करारावर सह्या केल्या होत्या, अमेरिकेतल्या मूळ कंपनीने आणि फ्रान्समधल्या कंपनीने केल्या नव्हत्या. लवादांनी पाहिलं की कराराच्या वाटाघाटी, अंमलबजावणी आणि शेवट या तिन्हींत या बिनसहीच्या कंपन्यांचा हात होता. म्हणून त्यांनाही लवादाची अट लागू आहे.

पण दावा कुणी लावला होता? डाऊच्या चौघींनी मिळून. म्हणजे बिनसहीच्या कंपन्या स्वतः होऊन लवादात यायला बघत होत्या, आणि हरकत होती ती सही करणाऱ्या इझोव्हरची! तिथे बिनसहीवाल्याच्या संमतीचा प्रश्नच नव्हता, ती दावा लावण्यातच दिसत होती. प्रश्न उरला होता तो समोरच्याच्या अपेक्षेचा : आपण करार करतोय तो फक्त या एका कंपनीशी की सगळ्या समूहाशी, असं इझोव्हरला वाटत असणार? पुढे जगभर हा सिद्धांत वापरला गेला तो बरेचदा उलट दिशेने, नको म्हणणाऱ्याला आत ओढायला. माझ्या मते समूह सिद्धांतावरच्या चर्चेत या दिशाबदलाकडे जितकं लक्ष जायला हवं तितकं जात नाही. आपल्याकडे एका द्रावकात घेतलेलं रीडिंग दुसऱ्या द्रावकात जसंच्या तसं वापरलं तर परीक्षक सोडेल का?

सगळ्या देशांनी हा सिद्धांत स्वीकारला असंही नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने २००४मध्ये पीटरसन फार्म्सच्या खटल्यात सांगितलं की हा आमच्या कायद्याचा भाग नाही. सिंगापूरच्या उच्च न्यायालयानेही २०१४मध्ये तो नाकारला.

भारताची वाट जास्त वळणाची. २०१०चा इंडोविंड एनर्जी विरुद्ध वेस्केअरचा निकाल काढून वाचा. छोटा आहे, एका बैठकीत होतो. पवनचक्क्यांच्या विक्रीचा करार. सही वेस्केअरची आणि सुबुथी फायनान्सची. इंडोविंडची सही नाही, पण करारात सुबुथीचा उल्लेख इंडोविंडची प्रवर्तक असा होता. वेस्केअरचं म्हणणं, इंडोविंडने कराराप्रमाणे वागून दाखवलंय, म्हणजे तीही पक्ष आहे. सर्वोच्च न्यायालयाने जे उत्तर दिलं ते मला आजही सगळ्यांत स्वच्छ वाटतं : साधा करार वागणुकीतून सिद्ध होऊ शकेल, तोंडीही होऊ शकेल, पण लवादाचा करार कलम ७मध्ये सांगितलेल्या लेखी रीतीनेच व्हावा लागतो. वागणुकीवरून तो गृहीत धरता येणार नाही. कडक आहे, मान्य. पण काय मोजायचं आणि कशाने मोजायचं हे त्यात नेमकं होतं.

दोनच वर्षांत, २०१२मध्ये, क्लोरो कंट्रोल्सच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दार उघडलं. किल्ली कुठली वापरली? परदेशी लवादांसंबंधीच्या कलम ४५मध्ये ‘पक्ष किंवा त्याच्यामार्फत वा त्याच्या हक्काने दावा सांगणारी व्यक्ती’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या शब्दांत समूह सिद्धांत बसवला गेला. अडचण अशी की ‘मार्फत दावा सांगणारा’ म्हणजे वारस, हस्तांतरित हक्क घेणारा, अशी माणसं. त्यांचा हक्क मूळ पक्षाकडून आलेला असतो. मूळ कंपनीचा उपकंपनीत व्यावसायिक रस असतो, एवढ्यावरून ती उपकंपनीच्या हक्काने दावा सांगते असं होत नाही. हा सांधा कच्चा होता. त्यात भर म्हणजे, विधी आयोगाने २०१४च्या २४६व्या अहवालात ‘पक्ष’ या शब्दाच्या व्याख्येतच ‘मार्फत दावा सांगणारे’ घालायची शिफारस केली होती. संसदेने २०१५च्या दुरुस्तीत ते शब्द कलम ८मध्ये घातले, पण कलम २मधल्या व्याख्येला हात लावला नाही. २०२२मध्ये कॉक्स अँड किंग्जचा अर्ज आला तेव्हा न्यायालयाने शेवटी हा गुंता मोठ्या पीठाकडे पाठवला.

आता घटनापीठाचं निकालपत्र. त्याचा सैद्धांतिक भाग मला मनापासून आवडतो, आणि टीका करायच्या आधी ते सांगायलाच हवं. पीठाने क्लोरो कंट्रोल्सची ती किल्ली चुकीची ठरवली. ‘पक्ष’ वेगळा आणि ‘मार्फत दावा सांगणारा’ वेगळा. दुसऱ्याच्या आधाराने पहिला बनवता येत नाही. केवळ एकाच समूहात आहात, आर्थिकदृष्ट्या एकच आहात, एवढ्यावर कुणालाही बांधता येणार नाही. प्रत्येक कंपनी ही कायद्यात वेगळी व्यक्तीच. मग बिनसहीवाला बांधला जातो कशाने? स्वतःच्या संमतीने. ती सहीतूनच दिसली पाहिजे असं नाही, वागणुकीतूनही दिसू शकते. लेखी असण्याची अट करार नोंदवलेला असण्याबद्दल आहे, प्रत्येकाची सही असण्याबद्दल नाही. न्यायमूर्ती नरसिंह यांनी स्वतंत्र निकालपत्रात याच निष्कर्षाला जाताना कलम ७च्या चौथ्या पोटकलमाचा आधार जास्त घट्ट धरलाय; दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. असं सगळं साफ केल्यावर पीठ म्हणतं, समूह सिद्धांत ठेवायचा, पण संमती शोधण्याचं एक साधन म्हणून.

इथपर्यंत उत्तम. सिद्धांत म्हणतो, संमती मोजा. मोजायची कशी? त्यासाठी पीठाने २०२२च्या ओएनजीसी विरुद्ध डिस्कव्हरी एंटरप्रायझेस या निकालातले पाच घटक उचलले : पक्षांचा परस्पर हेतू, बिनसहीवाल्याचं सहीवाल्याशी नातं, विषय एकच आहे का, व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत का, आणि कराराची अंमलबजावणी. हे सगळे एकत्रितपणे पाहायचे.

यादी पुन्हा एकदा वाचा. पहिला घटक बघा.

‘परस्पर हेतू’ हीच तर शोधायची गोष्ट होती! सगळ्या पक्षांना बिनसहीवाला लवादात हवा होता का, हे ठरवण्यासाठी तपासायचं काय, तर त्यांना तो हवा होता का. तुम्ही रिग्रेशनमध्ये उजव्या बाजूला तोच चल घातलात जो डाव्या बाजूला आहे, तर मॉडेल झकास बसतं आणि त्यातून कळत काहीच नाही. कायद्याचे अभ्यासक म्हणतील, घटकांची यादी म्हणजे समीकरण नव्हे, न्यायाधीशाच्या विचाराला दिलेली दिशा आहे. ठीक. पण मग खऱ्या अर्थाने चारच दिशा उरतात. त्यांतल्या दुसऱ्याचं उत्तर समूहातल्या कंपन्यांबाबत जवळपास नेहमीच ‘हो’ येणार, कारण नातं नसतं तर हा सिद्धांत कुणी काढलाच नसता. तिसरा आणि चौथा व्यवहाराबद्दल बोलतात, माणसाच्या मनाबद्दल नाही. सगळा भार पाचव्यावर येतो : अंमलबजावणीत सहभाग.

पीठाला याची जाणीव असावी, कारण या सहभागाला त्यांनी एक गाळणी लावली आहे. तो प्रत्यक्ष आणि भरीव हवा, सहज जाता जाता झालेला चालणार नाही. ही गाळणी नसती तर परिस्थिती फारच वाईट झाली असती.

तरी मूळ अडचण राहतेच, आणि ती प्रमाणाची नसून जातीची आहे. एचपीएलसीकडे परत जाऊ. मूळ कंपनीच्या तज्ज्ञाने तीन महिने रोज दोन तास मशीन दुरुस्त करायचा प्रयत्न केला असं समजा. सहभाग भरीव आहे, थेट आहे. यातून काय सिद्ध होतं? मशीन चालावं अशी मूळ कंपनीची इच्छा होती हे. तिचं नाव खराब होत होतं हे. विद्यापीठाशी भांडण झालं तर कोर्ट सोडून लवादाकडे जाईन, हे यातल्या कुठल्या तासात दिसलं? भरीव सहभाग कितीही वाढवा, तो सहभागच राहतो. तापमान मोजायच्या यंत्राने दाब कळत नाही. यंत्र कितीही महाग घेतलं तरी.

आणि लवादाचा कायदाच या पृथक्करणाचा आग्रह धरतो. कलम १६ सांगतं की लवादाची अट ही मुख्य करारापासून स्वतंत्र करार म्हणून धरायची. मुख्य करार अवैध ठरला तरी अट टिकते. या स्वातंत्र्याचा फायदा लवादशास्त्र रोज घेतं. मग मुख्य करार पाळण्यात मदत केली म्हणजे त्या स्वतंत्र कराराला होकार दिला, हा सांधा कोण जोडणार? इंडोविंडमध्ये न्यायालयाने नेमका हाच फरक केला होता. २०२३च्या निकालपत्रात या फरकाला मला पुरतं समाधान देईल असं उत्तर मिळालं नाही. पटण्यासारखा सांधा कोणता असू शकतो? मूळ कंपनीला लवादाच्या अटीची माहिती होती आणि ती माहिती असताना तिने कराराचे फायदे स्वतःच्या नावावर घेतले, असं काही. ‘माहिती होती का’ हा प्रश्न पाच घटकांच्या यादीत स्वतंत्रपणे नाही. माझ्या दृष्टीने ती सगळ्यांत मोठी उणीव आहे, कारण तो सिद्ध करता येण्यासारखा, होकार आणि नकार दोन्हीकडे जाऊ शकणारा प्रश्न आहे.

हे लिहिताना दुसरी बाजू मला दिसत नाही असं समजू नका. ज्या ओएनजीसीच्या निकालातून हे घटक आले, त्याचीच हकीकत बघा. ओएनजीसीने डिस्कव्हरी एंटरप्रायझेसबरोबरच, त्याच समूहातली म्हणून, जिंदल ड्रिलिंगलाही लवादात ओढलं होतं. एकाच समूहाचे धागे दाखवायचे तर समोरच्याच्या कपाटातली कागदपत्रं हवीत. ती मिळावीत म्हणून ओएनजीसीने अर्ज केला. लवाद न्यायाधिकरणाने त्या अर्जाचा निर्णयच न करता २०१०मध्ये सांगून टाकलं की जिंदल ड्रिलिंग यात पक्ष नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये ते चुकीचं ठरवलं : पुरावा मागण्याचा अर्ज पडून असताना पुरावा नाही म्हणता येणार नाही. बारा वर्षं गेली, आणि तीही फक्त ‘कोण पक्ष’ या प्रश्नात. कोरी, पैसा नसलेली कंपनी पुढे करून मागून कारभार हाकणारे समूह असतात. त्यांच्याविरुद्धचा निवाडा भिंतीवर फ्रेम करून लावण्याच्या लायकीचा उरतो. समूह सिद्धांत फेकून द्या असं म्हणणाऱ्यांनी या माणसाला काय द्यायचं तेही सांगावं. माझं उत्तर : अशा वेळी फसवणूक, एजन्सी, कंपनीचा पडदा दूर करणं ही वेगळी, आपापल्या कसोट्या असलेली साधनं आहेत. त्यांचा रस्ता खडतर आहे. पण जिथे खरा आक्षेप लबाडीचा आहे तिथे लबाडी सिद्ध करावी, तिला ‘संमती’ हे नाव देऊ नये. न दिलेली संमती दिली असं म्हणणं ही मला शिक्षेहून वाईट गोष्ट वाटते.

आता तो भाग जो विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लगेच खटकेल. कुठलीही कच्ची चाचणी दोन प्रकारे चुकते : नसलेला आजार दाखवते किंवा असलेला चुकवते. चाचणी कच्ची असेल तर निदान दोन्ही चुका दुरुस्त करायची सोय सारखी हवी. इथे काय आहे बघा. घटनापीठ म्हणतं, लवाद नेमण्याच्या टप्प्यावर न्यायालयाने वरवर पाहावं आणि बिनसहीवाला खरोखर बांधला आहे का हे न्यायाधिकरणाला ठरवू द्यावं. न्यायाधिकरण म्हणालं, ‘नाही, हा पक्ष नाही’, तर कलम ३७खाली लगेच अपील करता येतं. पण ते म्हणालं, ‘हो, तू पक्ष आहेस’, तर कलम १६प्रमाणे कामकाज पुढे चालू राहतं आणि त्या माणसाला अंतिम निवाड्यापर्यंत थांबावं लागतं. मग कलम ३४. मध्ये उच्च न्यायालयात रिट करता येते ती अगदीच अपवाद म्हणून. म्हणजे ज्याने कधी लवादाला होकार दिलाच नाही असा माणूस वकील लावतो, तारखांना जातो, पुरावे देतो, आणि अखेर ‘मी इथे असायलाच नको होतो’ हे त्याला कोर्टाकडून ऐकायला मिळालंच, तर काही वर्षांनी. मोठ्या जर्मन कंपनीला हे परवडेल. पण बिनसहीवाला नेहमी मोठाच असतो असं कुठे आहे? भागीदाराचा भाऊ असतो, कुटुंबाची दुसरी छोटी कंपनी असते.

हे काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२४मध्ये अजय मधुसूदन पटेल यांच्या खटल्यात कौटुंबिक व्यवसायाच्या वाटणीच्या कराराबाबत न्यायालयाने सही न केलेल्या कुटुंबगटालाही प्रथमदर्शनी आधारावर लवादाकडे पाठवलं. वाटाघाटींतला त्यांचा वावर महत्त्वाचा धरला गेला. आता आपल्याकडच्या कुठल्याही घरच्या वाटणीची बैठक आठवा. मामा असतात, थोरल्या काकू असतात, शेजारचे वकील असतात. बोलतात सगळेच, सही दोघांची. (त्या बैठकीत चहा देणारासुद्धा ‘भरीव सहभाग’ घेत असतो, हे माझं म्हणणं नाही. पण रेघ कुठे मारायची ते कुणीतरी सांगायला हवं.) मे २०२५च्या एएसएफ बिल्डटेकच्या निकालाने तर न्यायाधिकरणाला स्वतःहून बिनसहीवाल्याला पक्ष म्हणून जोडायचा अधिकार आहे हे स्पष्ट केलं. मोजपट्टी तीच राहिली आणि ती वापरणारे हात वाढले.

तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल तर यात एक सरळ, करता येण्यासारखं काम पडलंय. डिसेंबर २०२३नंतर उच्च न्यायालयांनी, समजा फक्त मुंबई उच्च न्यायालयाने, हे पाच घटक वापरून दिलेले आदेश गोळा करा. प्रत्येक आदेशासाठी तीन रकाने भरा : बिनसहीवाला स्वतः यायला बघत होता की त्याला ओढलं जात होतं, लवादाच्या अटीची त्याला माहिती असल्याचा उल्लेख आदेशात आहे का, आणि पाचपैकी कुठल्या घटकाने प्रत्यक्षात निर्णय झाला. सहभाग एकट्यानेच निकाल ठरवत असेल तर ते या तक्त्यात दिसेल, आणि मी वर केलेली टीका चुकीची असेल तर तेही दिसेल. आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सुरुवात करताना शब्दशोधावर विसंबू नका. अनेक आदेशांत सिद्धांताचं नाव न घेताच तो वापरलेला असू शकतो. पूर्ण वाचावे लागतील.

आणि एसएपी एसईचं काय झालं? घटनापीठाच्या उत्तरानंतर मूळ अर्ज परत तीन न्यायमूर्तींपुढे आला. ९ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी एक लवाद नेमला आणि सांगितलं की जर्मन कंपनी पक्ष आहे की नाही, हे पुरावा पाहून त्याने ठरवावं.